मागे घेतलेली शिट्टी

इथं खरगपूरला रेल्वेच्या कारखान्याच्या मागच्या मैदानावर रोज संध्याकाळी फुटबॉल चालतो. बंगाली पोरं चांगली खेळतात. रिटायर झाल्यापासून मी कडेच्या बाकावर जाऊन बसतो, पण खेळाकडं माझं लक्ष कमीच. मी पंचाकडं पाहतो. एखादा फाउल दिला की पोरं त्याला घेरतात, हात नाचवतात, आणि तो बिचारा एकदा लाइनमनकडं पाहतो, एकदा मनगटावरच्या घड्याळाकडं. मी उठतो, दोन येरझारा घालतो, परत बसतो. शेजारचे उडिया गृहस्थ विचारतात, तब्येत बरी आहे ना? त्यांना काय सांगू? नांदुऱ्याचे कादरभाई सांगायचे म्हणजे वऱ्हाडी बोली पाहिजे, आणि ती ऐकणारा इथं कोणी नाही.

कादरभाई टांगेवाले. नांदुऱ्याच्या ठेसनावर त्यांचा टांगा उभा असायचा आणि आसपासच्या पाच-सहा गावांत कुठंही फुटबॉलची मॅच असली की शिट्टी त्यांची. ह्या दोन गोष्टींशिवाय तिसरं काही ते करत असतील असं मला आठवत नाही. त्यांचं घरदार, बालपण, मला काही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं.

मी देऊळगाव राजाचा. मराठी चौथीत शाळा सुटली, पुढं घरात खाणारी तोंडं जास्त झाली, तेव्हा बुलढाण्याहून मलकापूर, मलकापूरहून गाडीनं नांदुरा, असा वळकटी घेऊन निघालो. कोणीतरी सांगितलं होतं की तिकडं कापसाच्या जिनात काम मिळतं. गाडीतून उतरलो तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि भीती मात्र पाच वर्षांच्या पोरासारखी. टांग्यात बसलो. थोडं पुढं गेल्यावर टांगेवाल्यानं मागं वळूनही न पाहता म्हटलं,

"काऊन बे, टांग्यात बसला का टांगा हाकलून राह्यला?"

माझे पाय हलत होते. लहानपणापासूनची सवय. बसलो की गुडघे आपोआप नाचतात.

"पाय थांबव. चांदणी घाबरते."

चांदणी म्हणजे घोडी. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी सगळी मातीच्या रंगाची.

"कुठचा?"

"देऊळगाव राजाचा."

"म्हंजे बालाजीच्या गावचा. मंग इतका काऊन डरतं? काम पायजे?"

"हो, मला जिनात..."

"'मला' नाई, मले. इथं 'मला' म्हनशील त लोक जालन्याचा पावना समजतीन. शिकला किती?"

"चौथी."

"चौथीवाले इथं लय हायेत. बॉल मारता येते?"

देवळामागं चिंध्यांच्या चेंडूनं खेळलो होतो तेवढंच. पण तोंडातून निघून गेलं, "येते." कादरभाईंनी टांगा जिनाकडं न नेता सरळ मैदानाकडं वळवला. तिथं जिनाचे मुनीमजी धोतर खोचून आपल्या क्लबाच्या पोरांवर ओरडत होते. कादरभाई त्यांना म्हणाले, "मुनीमजी, डाव्या बाजूले बॅक पायजे ना तुमाले? याचे पाय पाहा. सकाळपासून एका जागी ठरले नाईत."

त्या जिनात अशीच पद्धत होती. शेठनं वडिलांच्या नावानं बक्षिसाची एक ढाल लावली होती, ती दर वर्षी आपल्याच घरात राहावी म्हणून खेळणाऱ्या पोरांना काम द्यायचं. मुनीमजींनी माझ्याकडून चार बॉल मारून घेतले, एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या, आणि अक्षर बरं आहे म्हणून कापसाच्या गाठींवर काळ्या रंगानं निशाण्या रंगवायचं काम दिलं. क्लबाची कार्डं लिहायचंही काम माझ्याच गळ्यात आलं. परक्या गावात मला भाकरी मिळाली ती कादरभाईंमुळं. ते त्यांना पुढं कधी आठवलंसुद्धा नाही.

माणूस उंच, काटकुळा. दाढीला मेंदी. मॅचच्या दिवशी पायजम्यावरून कुठल्याशा फौजीची खाकी हाफपँट चढवायचे आणि पायजमा घोट्याशी सुतळीनं बांधायचे. हसणारे हसायचे. शिट्टी पितळेची, रेल्वेच्या एका जुन्या गार्डानं दिलेली. मॅचच्या दिवशी सकाळपासून दोन्ही गावांचं काही खायचं-प्यायचं नाही, चहाचा घोटही नाही. "ज्याच्या घरचं पानी पेलं, त्याच्या घरचा गोल लहान दिसते," असं म्हणायचे. बसलेलं तर मी त्यांना पाहिलंच नाही. टांगा हाकतानाही एक पाय पायरीवर, अर्धे उभे. मैदानावर बॉलच्या मागं नाही, बॉलच्या आधी पोचायचे. खेळाडू धापा टाकायचे आणि पन्नाशीचा हा माणूस त्यांच्याभोवती भिंगरीसारखा फिरायचा.

त्यांची एक शिक्षा साऱ्या मुलखात प्रसिद्ध होती. कोणी फार दांडगाई केली की त्याला मैदानाबाहेर काढायचे, आणि नुसतं बाहेर नाही, "जाय, टांग्यात बस!" म्हणायचे. मैदानाच्या कडेला चांदणी टांग्याला जुंपलेली असायचीच. त्यात जाऊन मॅच संपेपर्यंत सगळ्या गावासमोर बसायचं. बायका-पोरं टांग्याभोवती जमून विचारायची, "कोन्या गावले चालले, भौ?" भल्या भल्या पहिलवानांनी मार खाल्ला असता, पण ते टांग्यात बसले नसते.

एकदा जळगाव जामोदच्या एका रेड्यासारख्या बॅकला त्यांनी टांग्यात बसवलं. खेळ सुरू झाला. पाच-दहा मिनिटांनी लांबून पाशिंजरची शीळ आली. चांदणीला वर्षानुवर्षांची सवय, शीळ ऐकली की ठेसनाकडं निघायचं. ती निघाली. बॅक ओरडतोय, "अवो कादरभाई! अवो घोडी!" आणि कादरभाई कॉर्नर किकवर नजर लावून उभे. कोणी सांगायला गेलं तर म्हणाले, "त्याले उतराची परवानगी नाई. घोडीले रस्ता मालूम हाये." अर्ध्या तासानं टांगा परत आला. बॅक लगाम धरून पुढं बसलेला, मागं एक शेटजी, त्यांची बायको आणि दोन ट्रंका. बॅकनं टांग्यातूनच आवाज दिला, "कादरभाई, सवारी आनली! आता त उतरू द्या!" त्या दिवशी मी कादरभाईंना हसताना पाहिलं. शिट्टी तोंडात होती म्हणून तीही हसण्यासरशी थोडी थोडी वाजली, आणि दोन्ही टीमा गोंधळून थांबल्या.

पण अशा गमती सोडल्या तर माणूस कडक. त्यांचा एक कायदा होता. शिट्टी वाजली म्हणजे वाजली.

खामगावच्या मॅचला हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा गोलाला जाळ्या नसायच्या, नुसते दोन बांबू आणि वर एक दोरी. आमच्या पोराचा बॉल बांबूच्या बाहेरून गेला, वीतभर बाहेरून. मी मागं उभा होतो, मला स्वच्छ दिसलं. कादरभाईंनी गोल दिला. खामगावची माणसं मैदानात घुसली. त्यांचा कॅप्टन कुराणाची शपथ घ्यायला तयार झाला. आमचाच फॉरवर्ड, ज्यानं बॉल मारला होता, तोही हळूच म्हणाला, "कादरभाई, बाहीर गेलता." कादरभाई मध्यरेषेकडं चालत सुटले. "शिट्टी वाजली म्हंजे वाजली. गोळी बंदुकीत वापस जाते का बे?"

दुसऱ्या दिवशी मी टांग्यात होतो. मनात राहवेना. म्हटलं, "कादरभाई, काल बॉल बाहेरून गेला होता."

"हाव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शिट्टी वाजल्यावर समजलं. कीपरच्या तोंडावरून."

"मग फिरवला का नाही?"

त्यांनी लगाम जरा सैल सोडला. चांदणीच्या टापा ऐकू येत होत्या.

"आज एक फिरवला, त उद्या परत्येक गोलले लोक म्हनतीन, कादरभाई, पाह्यलं का बरोबर? पुन्ना इचार करा! मंग मी बी इचार करीन. पंचानं इचार करनं सुरू केलं की खेळ गेला. मंग निस्ती भांडनं. दोन गावं लाठ्या घेऊन येतेत ना मॅचले, त्या लाठ्या कोन थांबवते? मी? मी काय पहिलवान हाये? ही शिट्टी थांबवते. ती चुकत नाई म्हनून थांबवते."

"पण चुकते तर."

"चुकते. पन मी ते म्हनत नाई," असं म्हणून त्यांनी चांदणीला हाकारलं. ही गोष्ट मी तेव्हा चतुराई म्हणून ऐकली.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारी हुकूम आला आणि घड्याळं एक तास पुढं गेली. ठेसन, पोस्ट, कचेरी, जिनाचा भोंगा, सगळं नव्या टाइमावर. बाजार, शेतं, देवळातली आरती, मशिदीतली अजान, ही जुन्यावर. गावात कोणीही काहीही ठरवलं की पुढचा प्रश्न असायचा, "नवा टाइम का जुना?" लग्नाच्या पत्रिकेत तसं छापायचे. एक नवरदेव नव्या टाइमानं आला आणि मांडवात तासभर एकटाच बसून राहिला. कादरभाई म्हणायचे, "सरकारनं घड्याळ पुढं केलं, चांदणीचं पोट नाई केलं. थे जुन्याच टाइमाले भुकेजते."

त्या वर्षी दसऱ्यानंतर ढालीची फायनल आली ती आमचा जिनक्लब आणि पिंपळगाव राजा यांच्यात. पिंपळगाव म्हणजे शेतकऱ्यांची, विणकरांची, भाजीवाल्यांची पोरं. अनवाणी खेळायची, पण वाऱ्यासारखी. पहिल्यांदाच फायनलला आलेली. मुनीमजींनी मला कार्ड सांगितलं, "लिही. रविवारी, सायंकाळी पाच वाजता, नवा टाइम." मी कार्ड लिहिलं, खाली क्लबाचं नाव वळणदार काढलं, त्या वळणावर जरा खूष झालो, आणि कार्ड पोस्टात टाकायला कादरभाईंच्या हातात दिलं.

रविवारी नव्या टाइमानं पाचला मैदान भरलेलं. शेठ, त्यांच्याशेजारी खुर्चीवर डिप्टीसाहेब, टेबलावर ढाल आणि ढालीला झेंडूचा हार. पिंपळगावचा पत्ता नाही. कायदा होता अर्धा तास थांबायचं. मुनीमजी खिशातलं घड्याळ काढून पाहत होते. मी रस्त्याकडं पाहत होतो आणि माझे गुडघे नाचायला लागले होते, कारण डोळ्यांपुढं ते कार्ड येत होतं. रविवार, सायंकाळ, पाच, मग क्लबाचं वळणदार नाव. मधे आणखी काही लिहिलं होतं का? मला आठवेना. मग आठवलं. लिहिलंच नव्हतं.

अर्धा तास झाला. कादरभाईंनी बॉल मध्यावर ठेवला. वॉकओव्हरची रीत होती ती झाली. आमच्या कॅप्टननं एकट्यानं बॉल नेऊन रिकाम्या गोलात मारला आणि कादरभाईंनी लांब शिट्टी वाजवली. टाळ्या झाल्या. डिप्टीसाहेबांनी हात मिळवला आणि मोटारीत बसून गेले. शेठ मात्र ढाल घेऊन फोटो काढायला थांबले.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. दोन रेंग्या, बैलांच्या हलक्या गाड्या, भरधाव आल्या. बैलांच्या तोंडाला फेस. आतून पोरं उड्या मारून उतरली, काहींनी गुडघ्याला हळदीच्या पट्ट्या बांधलेल्या. त्यांचा कॅप्टन रमजान, सणसणीत आवाजाचा, हसत हसत पुढं आला. "पाचले पाच कमी हायेत! टायमावर आलो का नाई?"

मग मुनीमजी म्हणाले, "सहाले पाच कमी हायेत बाबू. तुमी हारले."

"हारलो? कव्हा?"

"आत्ताच. वॉकओव्हर."

रमजाननं खिशातून कार्ड काढलं. ते त्यानं कादरभाईंना दिलं. कादरभाईंना वाचता येत नव्हतं, त्यांनी ते मुनीमजींना दिलं. मुनीमजींनी वाचलं, परत वाचलं, आणि त्यांची मान हळूहळू माझ्याकडं वळली.

"नवा टाइम कुठी हाये?"

मी टेबलामागं सरकलो.

"मी सांगतलं होतं का नवा टाइम? सांगतलं होतं का नाई?"

"याहिच्या अकलेले काय झालं होतं?" मुनीमजी आता रमजानवर उलटले. "पाचले खेळ सुरू केला त अर्ध्यातच अंधार पडते, येवढं समजलं नाई?"

"आमाले वाटलं, शेठनं गॅसबत्त्या लावल्या असतीन!"

लोक हसले. कोणी म्हणालं, "लढाईत चुलीले रॉकेल नाई, अन् तुले गॅसबत्त्या!" पण मुनीमजी हसले नव्हते. ते शेठकडं वळले. "हा पोट्टा काही कामाचा नाई, शेठ. उद्यापासून..."

माझ्या जागी उद्यापासून दुसरा येणार होता. मी कुठं जाणार होतो, ते मला दिसत नव्हतं. देऊळगावला परत जायचं म्हणजे कुठल्या तोंडानं? मी कादरभाईंकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. ते माझ्याकडं पाहत होते की नाही, तेही मला माहीत नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

"थांबा मुनीमजी. त्याचा कसूर नाई. त्यानं लिवायले घेतलं होतं. कार्ड टाकाले माह्याजवळ देलं, तवा मीच म्हनलो, खेड्यात नवा-जुना लिवला की लोक गडबडतेत. नवं कार्ड लिव, निस्तं पाच वाजता लिव. मी त्या बाजूले सवारी घेऊन जाऊन राह्यलो, तोंडी सांगतो. आन् मी भुललो. चूक माही हाये."

खामगावच्या त्या मॅचनंतरची, त्याच्या आधीची, कितीतरी वर्षांची माणसं तिथं उभी होती. कादरभाईंच्या तोंडून 'चूक' हा शब्द त्यांतल्या कोणीही ऐकलेला नव्हता. आणि कार्ड मी त्यांच्याजवळ दिलं एवढं सोडलं, तर त्यांनी सांगितलेल्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

शेठ म्हणाले, "ठीक हाये. झालं थे झालं. शिट्टी वाजली ना? तुमचाच कायदा हाये कादरभाई."

"वाजली."

"मंग?"

कादरभाईंनी शिट्टी हातात घेतली, तिच्याकडं पाहिलं. "थे शिट्टी मी मांगं घेतो. मॅच होईन. ईस-ईस मिन्टं. उजेड हाये तवर."

मुनीमजी ओरडले, आमचा कॅप्टन ओरडला, शेठ खुर्चीवरून उठले. कादरभाई बॉल घेऊन मध्यरेषेकडं चालू लागले होते. पिंपळगावची पोरं त्यांच्या मागं पळाली. आम्ही नाइलाजानं उतरलो.

खेळ मला तुटक तुटक आठवतो. उजेड जात होता आणि बॉल मातीसारखाच दिसत होता. शेवटच्या दोन-चार मिनिटांत रमजाननं लांबून मारला. बॉल बांबूला घासला, आत गेला की बाहेर, मला सांगता येणार नाही. कादरभाईंनी गोल दिला. आमच्याकडून कोणीतरी, पहिल्यांदाच, त्यांच्या अंगावर धावून गेलं. त्यांनी त्याला टांग्यात बसायला सांगितलं. तो गेला नाही.

ढाल पिंपळगावला गेली. आमच्यासाठी घातलेला झेंडूचा हार तिच्यावर तसाच होता. तो काढायचं कोणाला सुचलंच नाही.

माझी नोकरी वाचली. मुनीमजींनी मला काही म्हटलं नाही, पण कादरभाईंच्या टांग्यातून शेठचे पाहुणे येणं बंद झालं. ते कादरभाईंनी मनावर घेतलं नसतं. घेतलं ते दुसरंच. बाजारात, ठेसनावर, मशिदीच्या पायऱ्यांवर, कुठंही ते दिसले की कोणीतरी म्हणायचं, "काय कादरभाई, नवा टाइम का जुना?" आधी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग उत्तरं द्यायला लागले. मग लांबचा रस्ता धरायला लागले.

मला रात्रंदिवस चैन पडेना. गाठींवर निशाण्या उलट्यासुलट्या रंगवायला लागलो. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या तबेल्याशी गेलो. ते चांदणीला खरारा करत होते.

"कादरभाई, मी मुनीमजीले सांगतो."

"'मुनीमजीले'? शिकला म्हनायचा," ते म्हणाले. "काय सांगतं?"

"चूक माझी होती म्हणून."

"आन् मंग?"

"मंग तुमचं नाव..."

"बस बे खाली. पाय थांबव पयले." मी बसलो नाही, पण पाय थांबवले. "तू सांगशील त तुही नोकरी जाईन. जाऊ दे, नोकरी काय, दुसरी भेटन. पन माहं काय होईन? आता लोक म्हनतेत, कादरभाई चुकला. तू सांगतलं की म्हनतीन, कादरभाई खोटं बोलला. भर मैदानात, शिट्टी गळ्यात असतानी. चुकलेला पंच चालवून घेतेत एखांद टाइम. खोटा नाई चालत."

मी एक पाऊल पुढं झालो.

"तुमी माझ्यासाठी..."

"तुह्यासाठी?" खरारा थांबला. "बैलाच्या तोंडाले फेस होता, पाह्यला का? सहा कोसावरून पोरं बैलं पळवत आली. मी त्याहिले म्हनू, न खेळता हारले? तू मधात आला, आता काय करतं." आणि परत खरारा सुरू.

मला आजही ठाऊक नाही, यातलं खरं किती. एवढंच कळलं की माझं तोंड त्यांनी कायमचं बंद केलं होतं, आणि ते माझ्या भल्यासाठी केलं की त्यांच्या, हेही विचारायची सोय ठेवली नव्हती.

त्यांची शेवटची मॅच मी खेळलो. पुढच्या पावसाळ्यानंतरची, मलकापूरशी. आमच्या माणसाला मलकापूरच्या गोलासमोर पाडलं. कादरभाईंनी शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या जागेकडं बोट दाखवलं. मलकापूरचे ओरडले, ते नेहमीचंच. तेवढ्यात कडेच्या गर्दीतून आवाज आला, "कादरभाई! नवा टाइम का जुना?" अख्खं मैदान हसलं. आमचा कॅप्टनही हसला. मला वाटलं ते आता बॉल उचलून जागेवर ठेवतील आणि चालायला लागतील.

ते ठेवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग उभं राहून आमच्या पडलेल्या पोराला विचारलं,

"पाडलं ना बे तुले?"

त्यांनी विचारलं. मग मलकापूरच्या बॅककडं वळून, "तू पाडलं का?" तो म्हणाला नाही. आमचे म्हणाले हो. मग सगळेच बोलायला लागले, एकमेकांची छाती ढकलायला लागले, कडेची माणसं आत आली, त्यांच्या हातात काठ्या होत्या. कादरभाई त्या घोळक्याच्या मधोमध उभे राहून एकेकाचं तोंड पाहत होते. कोणाचं तोंड पाहून काय समजायचं होतं कोण जाणे. मॅच तिथंच मोडली. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून मॅच संपल्यावर बॉल द्यायचे तशी मुनीमजींच्या हातात दिली.

त्यानंतर त्यांनीच ठेसनावरच्या एका ओळखीच्या गार्डाला सांगून माझं इकडचं, खरगपूरच्या कारखान्यातलं काम लावून दिलं. "लांब जाय," एवढंच म्हणाले. निघायच्या दिवशी मी त्यांना शोधत ठेसनाभर फिरलो, टांगा नव्हता. वाटलं, भेटायचं टाळलं. संध्याकाळची गाडी आली, मी चढलो.

नांदुऱ्याहून गाडी पूर्वेला निघाली की थोडं अंतर मैदानाच्या कडेनं जाते. मॅच चालू होती. नवा पंच, कोणी तरणे मास्तर, पांढरे बूट, हातात घड्याळ. कादरभाई रेषेच्या बाहेर होते. खाकी हाफपँट नव्हती, साधा पायजमा, पण बॉल जिकडं जाईल तिकडं रेषेच्या बाहेरून पळत होते, माणसांना, पोरांना, सायकलींना चुकवत. मी खिडकीतून हाक मारली. एवढ्या आवाजात ती कुठं पोचणार? तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत एकानं दुसऱ्याच्या पायात पाय घातला. मास्तर पाठमोरे होते, त्यांना दिसलं नाही. खेळ पुढं चालला होता. रेषेबाहेर कादरभाईंचा हात वर गेला, आणि मग सरळ त्या जागेकडं.

बॉल ज्या पोराच्या पायात होता, तो पाय घालणाऱ्याच्याच बाजूचा होता. गोल पुढं मोकळा होता. त्यानं पळता पळता एकदा कडेला पाहिलं, थांबला, बॉल हातात उचलला आणि परत जाऊन, कादरभाईंचं बोट होतं तिथं, नीट ठेवला.